आगगाडीतली ऐतिहासिक थरारकादंबरी चालते कशावर?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ, रात्रीची पॅसेंजर, डब्यात कुणीतरी कुणाच्या तरी मागावर, आणि पुढचं स्टेशन येण्याआधी काहीतरी घडायलाच हवं. अशी कादंबरी हातात पडली की पट्टीचा वाचक ती एका बैठकीत संपवतो. पण ती का रंगली, किंवा निम्म्यावर येऊन का ढेपाळली, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ‘लेखकाची शैली’ एवढंच असतं. आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावरही ही चर्चा बऱ्याचदा झाली आणि शैलीपाशीच येऊन थांबली. माझं म्हणणं वेगळं आहे. या प्रकारातला थरार शैलीतून फार थोडा येतो. तो येतो त्या काळच्या रेल्वेच्या नियमांतून. गाडी कुठे थांबते, चालत्या गाडीत कोण कुठपर्यंत जाऊ शकतं, बातमी आधी कुणाला कळते आणि घड्याळ कुणाचं खरं धरायचं, एवढं लेखकाला पक्कं ठाऊक असेल तर कथानक आपसूक आवळत जातं. ठाऊक नसेल तर कितीही पिस्तुलं निघाली तरी काही साधत नाही.

एक कल्पित कथानक हाताशी घेऊन बोलू, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. मागचा इतिहास मात्र खरा घेऊ, आणि तो आपल्या ठाण्याशी जोडलेला आहे.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ धरपकड झाली, मुंबईला खटला चालला आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. हा तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. आता या सगळ्याच्या कडेला एक काल्पनिक माणूस उभा करू. नाशिकच्या एका छापखान्यातला कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा. त्याच्यापाशी पत्रांचं एक पुडकं आहे. ते पोलिसांच्या हाती लागलं तर ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशी पाच-सहा घरं उद्ध्वस्त होतील. त्याला ते रातोरात ठाण्याच्या एका वकिलांकडे पोचवायचंय. बरोबर त्याची मावशी आहे. कंपोझिटर, मावशी, वकील आणि पुडकं हे आपल्या पदरचं, बाकीचं जसं घडलं तसं.

इथेच एक शंका येते. शेवट सगळ्यांना माहीत असताना थरार उरतो कुठे? फाशी टळणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. रहस्यकथेत प्रश्न मागच्या घटनेचा असतो: हे कुणी केलं? थरारकथेत तो पुढच्या क्षणाचा असतो: आता काय होणार? ऐतिहासिक थरारकथेत मोठ्या घटनेचं ‘आता काय होणार’ आधीच मिटलेलं असतं, म्हणून चांगला लेखक तो प्रश्न एका लहान माणसावर आणून ठेवतो. जॅक्सनचं काय झालं हे इतिहासात आहे, आपल्या कंपोझिटरचं काय झालं हे कुठेच नाही. त्याच्यापुरता काळ मोकळा आहे. म्हणूनच खऱ्या क्रांतिकारकाला नायक करून त्याच्या तोंडी पानंच्या पानं संवाद घालण्यापेक्षा कडेचा माणूस निवडणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. फाशी गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी त्याने न बोललेली वाक्यं घालताना लेखकाचा हात अडखळला पाहिजे.

आता गाडीत बसू. नाशिक रोड स्टेशन गावापासून लांब, तेव्हा तिथे यायला टांगा किंवा घोड्यांची ट्राम. कंपोझिटर तिसऱ्या वर्गात चढतो. मावशी बायकांच्या डब्यात. पुडकं कुणाकडे?

मावशीकडे, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गात निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवणं बंधनकारक केलं होतं, आणि गाडी ५० मैलांहून जास्त धावणार असेल तर त्या राखीव कप्प्यांपैकी एकात शौचकूपही असावा असं म्हटलं होतं. पुरुषाने तिथे शिरणं हा गुन्हा. म्हणजे साध्या वेशातला हवालदार कंपोझिटरच्या मागावर असला तरी चालत्या गाडीत तो मावशीपर्यंत जाऊ शकत नाही. लेखकाला हे कलम माहीत असेल तर त्याला मावशीला नऊवारीतली झाशीची राणी करावं लागत नाही. ती गाठोडं मांडीवर घेऊन, शेजारणीच्या पोराला फुटाणे देत बसली तरी पुरतं. त्या सगळ्या गाडीत सुरक्षित जागा ती एकच आहे, आणि ही सुरक्षितता पुढचं स्टेशन येईपर्यंतचीच आहे.

डब्यांची रचना इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आज आपण एक्स्प्रेस गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून चालत जातो. त्या काळच्या बहुतेक डब्यांना आतून अशी वाटच नव्हती. प्रत्येक कप्प्याला थेट फलाटावर उघडणारं स्वतःचं दार. गाडी सुटली की तुम्ही आणि तुमच्या कप्प्यातली माणसं, एवढंच जग. गार्डला किंवा तिकीट तपासनिसाला कप्प्याकप्प्यांत डोकवायचं असेल तर चालत्या गाडीच्या बाहेरच्या फूटबोर्डवरून, दांड्याला धरून सरकत जावं लागे. पहिल्या वर्गातल्या साहेबाचा नोकर वेगळ्या कप्प्यात, तो साहेबापर्यंत पोचणार स्टेशनवरच. तिसऱ्या वर्गात पुरुषांना शौचालयाची सोय बराच काळ नव्हती, त्यामुळे मोठ्या स्टेशनवर अख्खा डबा खाली उतरायचा. पाण्यासाठीही उतरायचा, आणि तिथे हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं.

यातून कादंबरीची लय आपोआप ठरते. धावत्या गाडीत सगळे अडकलेले, हालचाल शून्य. थांबलेल्या गाडीत एकदम सगळं मोकळं, पण मोजक्या मिनिटांसाठी. पाठलाग, निरोप, अदलाबदल, खून, जे काय व्हायचं ते फलाटावर किंवा फूटबोर्डवर. ज्या कादंबरीत १९०९ सालचा नायक डब्यामागून डबे ओलांडत खलनायकामागे धावतो, त्या लेखकाने आजची गाडी पाहून लिहिलंय हे लगेच ओळखावं. आणि त्यात त्याचाच तोटा झालाय. धावता येतंय म्हटल्यावर ताण संपला.

बंद कप्प्याची भीती काल्पनिक नव्हती. जुलै १८६४ मध्ये लंडनच्या एका गाडीत पहिल्या वर्गाचा कप्पा रिकामा आणि रक्ताने भरलेला सापडला. त्यातले प्रवासी थॉमस ब्रिग्ज रुळांशेजारी पडलेले आढळले आणि पुढे मरण पावले. ब्रिटनमधला हा धावत्या गाडीतला पहिला खून मानला जातो. कप्प्यात मारेकऱ्याची टोपी राहिली होती, तिच्यावरून माग फ्रान्झ म्युलर नावाच्या जर्मन शिंप्यापर्यंत गेला. तो शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला निघाला होता. पोलीस मागून आगबोटीने निघाले आणि त्याच्या आधी पोचून बंदरावर त्याची वाट बघत राहिले. त्या काळी लोक इतके हादरले, की १८६८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांत प्रवाशाला गार्डला किंवा ड्रायव्हरला खबर देता येईल अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे १८९० च्या कायद्यात तशी तरतूद आली आणि विनाकारण वापर केल्यास ५० रुपयांपर्यंत दंड. गाडीत दिसणाऱ्या साखळीचं मूळ हे.

साखळीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण थरारकथेत ती सगळ्यात जास्त ओढली जाते आणि सगळ्यात कमी समजून घेतली जाते. आमच्या शेजारी मोटरमन म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी मला ही यंत्रणा कागदावर काढून दाखवली. वाफेच्या जमान्यातल्या व्हॅक्युम ब्रेकमध्ये इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते आणि इंजिन तिच्यातली हवा सतत ओढून घेत असतं. नळीत पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले. कुठूनही हवा आत शिरली की ब्रेक लागायला लागतात. साखळी ओढली की डब्याच्या टोकाची झडप उघडते, हवा आत जाते, ड्रायव्हरसमोरच्या काट्याला ओढ बसते. “गाडी तिथल्या तिथे उभी राहत नाही हो,” काका म्हणाले, “ती जडावते. ड्रायव्हरला कळतं, मग तो थांबवतो.” आणि महत्त्वाचं पुढेच आहे. साखळी ओढल्यावर डब्याच्या टोकाला बाहेरच्या अंगाला एक तबकडी फिरते. गार्ड कंदील घेऊन खाली उतरतो, गाडीच्या कडेने चालत जातो, आणि ज्या डब्याची तबकडी फिरलेली दिसेल तिथे थांबतो.

म्हणजे साखळी ओढणारा अंधारात लपू शकतो, पण त्याचा डबा लपत नाही. आपल्या कंपोझिटरला खिडकीतून दिसतं, की एका आडबाजूच्या स्टेशनवर दोन शिपाई बायकांच्या डब्याकडे बोट दाखवतायत. गाडी सुटते. साखळी ओढली तर मावशीला सावध करायला वेळ मिळेल, पण तबकडी त्याच्याच डब्याकडे बोट दाखवेल. न ओढली तर पुढच्या स्टेशनवर सगळं संपलं. एवढी कोंडी एका पितळी तबकडीतून निघते. लेखकाला फक्त ती तिथे आहे हे ठाऊक असावं लागतं.

पुढचा शत्रू तार. गाडी कितीही जोरात धावो, तार तिच्या पुढे जाऊन उभी राहते. १८४५ साली इंग्लंडमध्ये जॉन टॉवेल नावाचा माणूस स्लॉजवळ एका बाईचा खून करून लंडनच्या गाडीत बसला. स्लॉच्या स्टेशनवरून पॅडिंग्टनला तार गेली, की क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसारखा पोशाख केलेला माणूस पहिल्या वर्गात आहे. त्या यंत्रात ‘क्यू’ अक्षरच नव्हतं, त्यामुळे ‘क्वेकर’ हा शब्द ‘के-डब्ल्यू’ असा सुरू झाला आणि पलीकडच्या माणसाला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा मात्र टॉवेल गाडीतून उतरायच्या आत त्याच्यासाठी माणूस तयार होता. तारेच्या जोरावर पकडला गेलेला तो पहिला खुनी म्हणून ओळखला जातो. भारतात १८५४ पासून तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि रेल्वेची तर सगळी भिस्तच तिच्यावर, कारण पुढचा टप्पा मोकळा आहे की नाही हे एका स्टेशनने दुसऱ्याला तारायंत्रावरच विचारायचं.

तारेची ताकद सगळे दाखवतात. तिची मर्यादाही तितकीच उपयोगी आहे. तारेतून फोटो जात नाही, शब्द जातात, आणि शब्दाला पैसे पडतात. नाशिकहून कल्याणला काय जाईल? तिसरा वर्ग, वय पंचविशीचं, किरकोळ अंगकाठी, बोटांना शाई. तिसऱ्या वर्गात किरकोळ अंगकाठीचे पंचविशीतले पन्नास जण असतील, बोटांची शाई मात्र एकाचीच. मग इगतपुरीला पाण्याच्या नळावर आपला माणूस बोटं घासत बसलाय, शाई निघत नाहीये, मागे रांग लागलीय आणि शिट्टी झालीय. मी लिहीत असतो तर एक अख्खं प्रकरण त्या नळावर घालवलं असतं.

इगतपुरीनंतर कसारा घाट, म्हणजेच थळ घाट. भोर घाट आणि थळ घाट या दोन्हींचा उतार ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट खाली. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र चढ-उतार. उतरताना ब्रेक दगा देतील ही भीती कायमची, म्हणून घाटात ठिकठिकाणी फाटे काढलेले असतात. मुख्य रूळ सोडून वर चढत जाणारा, पुढे बंद होणारा रूळ. सांधा, म्हणजे रूळ बदलायची जोडणी, नेहमी त्या फाट्याकडेच लावून ठेवलेला. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबायचं, आपण काबूत आहोत हे दाखवायचं, मग सांधा मुख्य रुळाकडे फिरवला जातो. गाडी बेकाबू असेल तर ती फाट्यावर चढते आणि चढाने तिचा वेग मरतो. आजही पुण्याच्या बाजूला मंकी हिल, ठाकूरवाडी इथे गाड्या थांबतात ते ब्रेकच्या कारणानेच.

थरारकथेच्या लेखकाला हे म्हणजे घबाड. फलाट नाही, वस्ती नाही, जंगल आहे, आणि गाडी नियमाने थांबणारच आहे. वेळापत्रकात न छापलेला, पण रेल्वेवाल्यांना पाठ असलेला थांबा. कुणी उतरू शकतं, कुणी चढू शकतं, कुणाला खाली ढकलता येतं. आपला कंपोझिटर इथे फूटबोर्डवरून बायकांच्या डब्यापर्यंत सरकतो, आत शिरत नाही, खिडकीतून मावशीशी दोन वाक्यं बोलतो. खाली काळीकुट्ट दरी. पुढे बोगदा आहे आणि त्यात शिरण्याआधी परतायचंय, कारण वाफेच्या इंजिनाचा धूर बोगद्यात कोंडला की बाहेर लटकलेल्या माणसाचा श्वास घुसमटतो.

बोगद्यावरून एक ठाणेकर वाचक म्हणून सांगावंसं वाटतं. अशा कादंबरीत पारसिकचा बोगदा घालायचा मोह अनावर असतो. कळव्याच्या अलीकडे, सुमारे १.३ किलोमीटर लांब, नावही घुमणारं. पण तो वापरात आला १९१६ मध्ये. १९०९ सालची गाडी मुंब्र्याच्या बाजूने डोंगराला वळसा घालून येणार. विजेवर धावणारी पहिली गाडी १९२५ ची, दख्खनची राणी १९३० ची, त्यामुळे त्याही इथे चालणार नाहीत. मुंबईचं मोठं स्टेशन व्हिक्टोरिया टर्मिनस होऊन मात्र वीसेक वर्षं झालेली, तरी लोकांच्या तोंडी बोरीबंदरच. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे वकीलसाहेब तिथले सभासद असायला काहीच हरकत नाही. अशा चौकटीत बसणारा तपशील सापडला की मला खरोखर आनंद होतो, आणि एक चुकीचा निघाला की पुढच्या सगळ्या पानांवरचा विश्वास ढळतो.

आता घड्याळ. हा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर.

सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो, म्हणून प्रत्येक गावाची दुपार वेगळ्या क्षणी होते. रेल्वेच्या आधी यामुळे काही बिघडत नव्हतं. रेल्वे आली आणि सगळ्या स्टेशनांना एकच वेळ लागायला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या. मुंबईच्या लोकांना ते पसंत पडलं नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिकेने आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली, आणि मुंबईची ही वेगळी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून होती.

आता समजा आपल्या कादंबरीच्या उत्तरार्धात मुंबईहून निघालेल्या एका गाडीत खून होतो. गाडी रेल्वेच्या घड्याळाने रात्री ९.१५ ला सुटलेली. संशयिताला रात्री ९ वाजता बाजारात पाहिल्याचं एक दुकानदार शपथेवर सांगतो. पंधरा मिनिटांत स्टेशन गाठणं सहज शक्य आहे, तेव्हा संशय पक्का. पण दुकानदाराने वेळ पाहिली होती महापालिकेच्या घड्याळात. तिथले ९ म्हणजे रेल्वेचे ९ वाजून ३९ मिनिटं. गाडी तोवर चोवीस मिनिटं पुढे गेलेली. माणूस निर्दोष. या युक्तीला गुप्त दार लागत नाही, जुळा भाऊ लागत नाही. त्या शहरातल्या प्रत्येकाला रोज दिसणारी गोष्ट पुरते, आणि ती रोजची असल्यामुळेच कुणाच्या लक्षात येत नाही.

ठाण्याच्या कथानकात याला आणखी एक घड्याळ जोडता येतं, खाडीचं. तार कल्याणला पोचलीय, तशी ठाण्यालाही पोचणार, म्हणजे ठाण्याच्या फलाटावर उतरणं नाही. गाडी कल्याणकडून येते ती खाडीच्या कळव्याच्या बाजूने, मग पूल, मग ठाणं. पुलाआधी सिग्नलला गाडी रेंगाळली तर मावशी-भाच्याने अंधारात उतरायचं आणि होडीने पलीकडे जायचं. आज ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने दहा-पंधरा मिनिटांत ठाण्याला येणाऱ्या माणसाला यातली अडचण चटकन जाणवणार नाही. वाशीपर्यंत रेल्वे आली १९९२ मध्ये, ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला २००४ मध्ये. १९०९ साली खाडीच्या त्या अंगाला ऐरोली, घणसोली, बेलापूर ही आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती आणि मिठागरं. पाण्यावरचा माणूस भेटला तर पलीकडे जायचं, नाहीतर नाही.

पण पाणी हवं. ओहोटीला खाडीकाठी गुडघाभर चिखल, होडी रुतून बसलेली. कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. ठाणं खाडीत बरंच आत, तिथे पाणी चढायला थोडा आणखी वेळ. मावशीला तिथी तोंडपाठ आहे, पोलिसाला रेल्वेचं वेळापत्रक. मावशी बोटांवर हिशेब करते आणि भाच्याला सांगते, पाचाच्या आत उतरून उपयोग नाही, पाणीच नसेल. गाडी वेळेवर असेल तर ते फार लवकर पोचतील. म्हणजे रात्रभर जी गाडी उशिरा धावू नये म्हणून वाचकाचा जीव टांगणीला लागला होता, तीच आता उशिरा धावावी असं त्याला वाटायला लागतं. मेलऐवजी पॅसेंजर का निवडली, याचं उत्तरही इथे मिळतं.

कागदावरच्या या सगळ्या गोष्टी खऱ्या आयुष्यात कशा एकत्र येतात, हे पाहायचं तर ९ ऑगस्ट १९२५ ची काकोरीची घटना वाचावी. सहारनपूर-लखनौ मार्गावरची ८ डाउन पॅसेंजर. रामप्रसाद बिस्मिल आणि त्यांच्या क्रांतिकारक साथीदारांनी लुटीसाठी पॅसेंजर निवडली, कारण अशा गाडीत वाटेवरच्या स्टेशनांची जमा झालेली रक्कम पिशव्यांतून गार्डच्या डब्यातल्या पेटीत पडत जाते. काही जण वरच्या वर्गात बसले, ठरल्या जागी साखळी ओढली, गाडी थांबली. प्रवाशांना आतच राहायला सांगितलं. अशफाकउल्ला खान यांनी घणाचे घाव घालून पेटी फोडली. रक्कम साधारण साडेचार हजार रुपयांच्या पुढे. सगळं योजल्याप्रमाणे झालं, एक सोडून. आपल्या माणसांसाठी गाडीतून खाली उतरलेला एक प्रवासी चुकून सुटलेल्या गोळीने गेला. डिसेंबर १९२७ मध्ये बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशन सिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना फाशी झाली.

साखळी, गार्डचा डबा, पॅसेंजरचं थांबत थांबत जाणं, वर्गांची विभागणी, यातलं काहीच लेखकाने रचलेलं नाही. तो एक प्रवासी मात्र कादंबऱ्यांतून गळून जातो. त्याला एक वाक्य मिळतं, कधी तेही नाही. मला चांगली थरारकादंबरी ओळखायची असेल तर मी त्या माणसाची पानं शोधतो. तो कुठून कुठे निघाला होता, डब्यात कोण वाट बघत होतं, गाडी पुन्हा सुटल्यावर त्याची जागा रिकामी राहिली की कुणी बसलं. पॅसेंजर गाडीची कादंबरी प्रवाशांना विसरली तर ती कुठेही घडू शकते, मग तिला गाडी कशाला हवी?

आपल्या भागातला एक काळ यासाठी अजून जवळजवळ कोरा पडलाय असं मला वाटतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, चौदा डबे आणि चारशेच्या आसपास पाहुणे, ते सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या वर्षी खाडी ओलांडून रूळ कल्याणला गेले. १८५६ पर्यंत खोपोलीला पोचले, आणि १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला भोर घाट पुरा झाला १८६३ मध्ये. म्हणजे जवळपास पाच वर्षं मुंबई-पुणे प्रवास दोन गाड्यांचा होता आणि मधे घाट. खोपोलीला उतरायचं, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीतून वर चढायचं, खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. घाटात बोगदे खणणारे हजारो मजूर, सुरुंग, पटकीच्या साथी. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, काम पुढे नेलं. त्यात १८५७ नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे खालच्या गाडीत एकत्र बसलेल्या आठ जणांपैकी वरच्या गाडीत सातच जण चढले, तर कंपनीचा गार्ड, फौजेचा अधिकारी आणि पालखीचे भोई या तिघांनाही त्याचा अर्थ वेगवेगळा लागेल. बंद कप्पा मधेच उघडतो, माणसं रात्रभर डोंगरात विखुरतात आणि सकाळी पुन्हा एका कप्प्यात बंद होतात. ठाण्यात किंवा पनवेलमध्ये बसून कुणी लिहिणारं असेल, तर त्याने आधी तो घाट पायी चढून यावं आणि पालखीला किती वेळ लागला असेल याचा हिशेब मांडायला बसावं.